सहा इंचांचा चढ

माझ्या पोटातलं आम्ल वर येतं ही माझी अगदी खाजगी बाब, पण ती माझ्या बायकोच्या आधी फलाटावरच्या साडेतीनशे प्रवाशांना कळली.

मी बसस्थानकावर उद्घोषक आहे. फलाटांच्या वर एक काचेची खोली आहे, तिथे माइकसमोर बसून मी कुठली गाडी कुठे लागली ते सांगतो. एकोणीस वर्षं सांगतोय. त्या दिवशी "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी" इथपर्यंत मी व्यवस्थित आलो होतो. पुढे "गाडी" म्हणायचं, तर त्या जागी खालून जे काही आलं ते चार कर्ण्यांमधून, प्रतिध्वनीसकट, सगळ्या स्थानकानं ऐकलं. तुम्हाला सांगतो, माणूस आयुष्यभर कितीही सभ्य वागो, लोक लक्षात ठेवतात ती ढेकरच. खालून कुणीतरी ओरडलं, "साहेब, पाणी प्या!" दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ तर गाडी सोडून वर माझ्या खोलीकडे बघत उभे राहिले. त्यांना बहुधा पुन्हा ऐकायचं होतं.

स्थानकप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. हे गृहस्थ कधी रागावत नाहीत. हळू आवाजात बोलतात आणि त्यामुळे जास्त भीती वाटते. त्यांच्या टेबलावर एक मोठं खोकं होतं.

"हे काय आहे माहितीये?"

"नाही साहेब."

"मशीन. यात एका बाईंचा आवाज भरलाय. बटण दाबलं की गाडी सांगते. जेवत नाही, खोकत नाही, आणि..." ते थांबले. सुसंस्कृत माणूस. "आणि बाकी काही करत नाही. बावीस तारखेला वरिष्ठ ऐकायला येणार आहेत. तुमचा आवाज स्वच्छ असला तर तुम्ही राहाल. नाहीतर ही."

"आणि मी?"

"हरवलेल्या सामानाच्या खोलीत जागा आहे."

ती खोली मी पाहिलेली आहे. खिडकी नाही. छत्र्या आहेत. एका पायातल्या चपला आहेत. एकोणीस वर्षं ज्याच्या आवाजावर गाड्या सुटल्या त्यानं उरलेलं आयुष्य बेवारस छत्र्यांना नंबर देण्यात घालवायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. हातात तीन आठवडे होते.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि विचारलं, "दर थोड्या वेळानं खाकरता का?"

"उद्घोषणेच्या आधी. नेहमीच. ती माझी ढब आहे."

"ढब नाही, आजार आहे. आम्ल घशापर्यंत येतं, म्हणून खाकरावंसं वाटतं."

ज्याला मी एकोणीस वर्षं माझी शैली समजत होतो तो रोग निघाला. मी घरी आरशासमोर त्याचा सराव केलेला आहे हो! आधी एक खणखणीत "अंह्हं!" आणि मग "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे". ती शैली डॉक्टरांनी एका वाक्यात निकालात काढली.

मग त्यांनी गोळ्या थोड्या आणि सूचना भरपूर दिल्या. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. एका वेळी थोडंच खायचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. चहा, कॉफी, तळलेलं, तिखट कमी. पट्टा सैल. चार किलो वजन उतरवायचं. झोपताना डाव्या कुशीवर. आणि पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच वर. "उश्या रचून नाही बरं का," ते म्हणाले, "त्यानं पोट दुमडतं. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घाला. अख्खा चढ पाहिजे."

आजार अंगावर आला की माणसाला कळतं की आपल्या इमारतीत सगळेच डॉक्टर राहतात. समोरच्या काकूंनी थंड दूध सांगितलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, दूध म्हणजे विष, जेवणानंतर शंभर पावलं उलटं चालायचं. ते स्वतः वीस वर्षं चालत आहेत. त्यांना आम्लपित्त नाही, पण दोनदा जिन्यावरून पडले आहेत. मी दुसऱ्याचा सल्ला सहसा मानत नाही, पण घाबरलेला माणूस सगळं करून बघतो. मी दूध पिऊन उलटा चालत काकूंच्या फुलांच्या कुंडीत बसलो. काकू दोन दिवस दुधाबद्दल काही बोलल्या नाहीत.

खालच्या तिकीट खिडकीवरचा माझा मित्र तर रोज प्रेमानं मला पुदिन्याच्या गोळ्या आणून द्यायचा. "घसा मोकळा राहतो," म्हणायचा. मी दिवसाला दहा-बारा चघळत होतो. जळजळ वाढली. मी आणखी चघळल्या. शेवटी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, पुदिन्यानं आम्ल जास्त वर येतं! कुणी सांगितलं तुम्हाला?" मित्राला हे सांगितलं तर त्यालाच राग आला. आता तो मला सुट्टे पैसे देत नाही.

पट्ट्याची गोष्ट मी खरं तर सांगणार नव्हतो. पण ती आमच्या सूचनाफलकावर चार दिवस लागलेली होती, तेव्हा लपवून काय उपयोग! आमच्या गणवेशात पट्टा सक्तीचा आहे, आणि तो तिसऱ्या भोकात. सैल करायचा तर परवानगी लागते. मी अर्ज घेऊन आस्थापना शाखेत गेलो. अर्जात कारणापुढे दोनच चौकोन होते: गर्भधारणा आणि अस्थिभंग.

"मला आम्लपित्त आहे," मी म्हणालो.

"त्याचा चौकोन नाही," लिपिक म्हणाला. "वेगळा अर्ज करावा लागेल. मुख्य कार्यालयात जाईल. चार महिने."

"मला बावीस तारखेच्या आत पाहिजे."

लिपिकानं माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. हा माणूस दुष्ट नव्हता. उलट मदतीला तत्पर होता, तेच नडलं. त्यानं पहिल्या चौकोनात खूण केली. "हा दोन दिवसांत सुटतो," म्हणाला. "कुणी वाचत नाही."

खरंच दोन दिवसांत सुटला. आणि वाचला मात्र सगळ्यांनी. "सदर कर्मचाऱ्यास प्रसूतीपर्यंत पट्टा सैल ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे. कार्यालयातर्फे शुभेच्छा." चालक-वाहक ड्यूटीवर जाताना वर येऊन माझ्या काचेवर टकटक करून विचारायचे, "कितवा महिना?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं दोन्हीकडून जळत होतं, आणि कळत कुणालाच नव्हतं.

पण पट्टा सैल झाला. चहा सुटला, म्हणजे तीन दिवस माझं डोकं दुखलं आणि मी सगळ्यांवर ओरडलो, मग सुटला. रात्रीचं जेवण सात वाजता व्हायला लागलं. राहिला पलंग.

सुताराला सोमवारी बोलावलं. आमचा सुतार कमी बोलतो. कानावर पेन्सिल, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर: "होईल." त्यानं उशाकडच्या दोन पायांखाली सहा सहा इंचांचे ठोकळे बसवले, मध्ये खाच पाडून, पाय हलू नयेत म्हणून. काम नंबरी. मी बायकोला हाक मारली.

"लक्ष द्यावे! आजपासून आपला पलंग—"

"अहो, मी प्रवासी नाही," ती म्हणाली. तिनं पलंगाकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या पोटात होतं.

ती कापडाच्या दुकानात काउंटरवर असते. दहा तास. घरी येते, स्वयंपाक करते, आडवी होते. बोलायला मी आहेच.

चढावरच्या झोपेबद्दल डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. माणूस घसरतो. रात्री उशीवर डोकं ठेवलं की पहाटे उशी वर असते आणि आपण खाली. दोन्ही दिवस सकाळी आम्ही पायथ्याशी गोळा झालेलो असायचो, चादरीसकट. पण घसा! घसा बरा वाटत होता. बुधवारी सकाळी मी फक्त सातदा खाकरलो.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो, जरा टेकावं म्हणून पलंगावर बसायला गेलो तर पलंग मांडीला लागायच्या ऐवजी कमरेला लागला. उडी मारून चढलो. आडवा झालो. चढ गायब! पलंग पाटासारखा सपाट.

पहिल्यांदा वाटलं जमीन खचली. मी धावत हेडमास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली. निवृत्त शिक्षकाच्या खिशात गोटी का असते हे मी विचारलं नाही. गादी सारून फळीवर ठेवली. गोटी हलली नाही.

"सपाट आहे," त्यांनी निकाल दिला. "शंभर टक्के. पण पलंग फार उंच आहे तुमचा. पडाल." हे उलटं चालणाऱ्या माणसानं सांगावं!

मी वाकून खाली पाहिलं. पायाकडच्या बाजूलाही दोन ठोकळे होते. सहा सहा इंचांचे, खाचेसकट. सुताराला फोन लावला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. वहिनींनी बोलावलं होतं. पायाकडून सहा इंच वर पाहिजे म्हणाल्या."

"अहो, पण सोमवारी तुम्हीच उशाकडून वर केला होता ना?"

"केला होता."

"मग तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. वाटलं, तुम्हाला पलंगच उंच पाहिजे, पण हप्त्याहप्त्यानं करताय."

बायको दारात उभी होती. हेडमास्तर गोटी घेऊन हळूच सटकले, उलटे नाही, सरळ.

"पायाला सूज येते माझ्या," ती म्हणाली. "चार महिने झाले. दिवसभर उभं राहून. डॉक्टर म्हणाले, झोपताना पाय वर पाहिजेत, पायाकडून पलंग सहा इंच उचला. तुमचेच डॉक्टर."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? तुम्ही उद्घोषणा थांबवलीत तर कुणी बोलेल ना! सोमवारी बोलायला आले तर तुम्ही म्हणालात, लक्ष द्यावे."

यावर एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "माझी नोकरी जाणार आहे. तुझे पाय काही कुणी मशीन लावून बदलत नाहीये." वाक्य तोंडातून सुटलं आणि मलाच ऐकू आलं. तिनं भात वाढला, थोडा, माझ्या पथ्याप्रमाणे, आणि आत निघून गेली.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात ठोकळ्यांचं युद्ध चाललं. मी कामावर जाण्याआधी पायाकडचे ठोकळे काढायचो. ती दुकानातून आली की ते लावायची आणि माझे काढायची. मी आलो की पुन्हा उलट. एकमेकांशी बोलणं बंद, पण पलंग दिवसातून चारदा हलत होता. त्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीकडे तक्रार केली. सचिवांनी चिठ्ठी पाठवली: "सदनिकेत जड सामानाची वारंवार हलवाहलव करण्यामागचा हेतू लेखी कळवावा." हेतू काय कळवणार? नवरा-बायको झोपायचा प्रयत्न करीत आहेत?

शनिवारी पलंगाचा एक पाय तडकला. सुताराला बोलवावंच लागलं. त्यानं पायाला पट्टी मारली, कानावरची पेन्सिल काढली, दोन भिंतींना टेकून उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच "होईल" सोडून दुसरं काही बोलला.

"साहेबांचं डोकं वर पाहिजे. वहिनींचे पाय वर पाहिजेत. मग एकच बाजू वर ठेवतो. साहेब, तुम्ही डोकं इकडे करा. वहिनी, तुम्ही पाय इकडे करा. झालं की!"

लग्नाला एकवीस वर्षं झाली, डॉक्टर झाले, हेडमास्तर झाले, सोसायटी झाली, आणि अक्कल निघाली ती कानावर पेन्सिल ठेवणाऱ्याकडे.

त्या दिवसापासून आम्ही उलटसुलट झोपायला लागलो. माझं डोकं चढावर, आणि माझ्या डोक्याशेजारी उशीवर तिचे पाय. पहिल्या दिवशी तिची टाच माझ्या नाकावर बसली. मी "फलाट क्रमांक एकवर" असं काहीतरी ओरडलो म्हणे. दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीवर वळलो आणि ते पाय नीट पाहिले. घोट्याशी फुगलेले. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ बोटभर खोल. एकोणीस वर्षं मला वरून सगळं दिसतं. कुणाची पिशवी राहिली, कुणाचं पोर मागे राहिलं, सगळं. आणि घरात हातभर अंतरावर हे पाय चार महिने सुजत होते ते मला दिसले नव्हते. मला लाज वाटली, खरंच वाटली. मी तिला म्हणालो, "दुकानात एक स्टूल का मागत नाहीस?"

पलीकडच्या टोकाकडून आवाज आला, "अर्ज करावा लागतो."

"मी लिहून देतो."

"नको. माझीही प्रसूती लावाल."

ती हसली तेव्हा अख्खा पलंग हलला. खालच्या बाईंनी छताला काठीनं ठोकलं.

पथ्याच्या त्या तीन आठवड्यांत पट्टा आपोआप सैल व्हायला लागला. वजन दोन किलो उतरलं, चार नाही, पण दोन. जळजळ जवळजवळ गेली. आणि खाकरणं थांबलं. वीस तारखेला मी दिवसभरात एकदाही खाकरलो नाही. आवाज असा स्वच्छ की माझा मलाच परका वाटला.

बावीस तारीख उजाडली. वरिष्ठ आले. मोठे साहेब आणि वही घेतलेल्या एक मॅडम. खाली प्रतीक्षालयात बाकावर बसले. स्थानकप्रमुख मशीनचं खोकं घेऊन शेजारी उभे. मी काचेतून बघत होतो. पोट शांत होतं.

पहिली गाडी लागली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," मी म्हणालो. न खाकरता, न अडखळता. एक अक्षर घसरलं नाही.

कुणी उठलं नाही.

लोक पेपर वाचत राहिले, डुलक्या घेत राहिले. एकानं कर्ण्याकडे पाहून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले. चव्वेचाळीस जागांची गाडी सात प्रवाशांना घेऊन सुटली. दुसरी गाडी, तोच प्रकार. ती सुटल्यावर मागून तिघेजण ओरडत धावले. मॅडम वहीत लिहीत होत्या. नंतर मला कळलं की मोठे साहेब स्थानकप्रमुखांना म्हणाले होते, "मशीन छान आहे हो. आवाज अगदी नितळ. आधीच सुरू केलंत?" त्यावर स्थानकप्रमुखांनी हळू आवाजात सांगितलं, "साहेब, मशीन खोक्यात आहे. हा आमचा माणूस आहे." साहेबांचा चेहरा पडला. माणसाचे आणि मशीनचे मार्क सारखेच पडले तर नोकरी कुणाची राहणार हे सांगायला हेडमास्तर लागत नाहीत.

तेवढ्यात दहा चाळीसची गाडी लागली. या गाडीनं दर गुरुवारी एक आजी आपल्या लेकीकडे जातात. मी त्यांना ओळखतो, म्हणजे वरून ओळखतो. आजी खांबाजवळ बसून लोकर विणत होत्या. मी सांगितलं. आजींनी मान वर केली नाही. पुन्हा सांगितलं. सुया चालूच. वाहकानं घंटी मारली. गाडी हलली. पुढची गाडी थेट दुपारी चारला. तिकडे लेक वाट बघत बसली असेल. माझा जीव वरखाली झाला. वरिष्ठ, मशीन, छत्र्या, सगळं विसरलो, माइक दोन्ही हातांनी धरला आणि काय बोलावं हे सुचायच्या आत घशातून आपसूक निघालं:

"अंह्हं!"

अख्खं प्रतीक्षालय उभं राहिलं.

मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. पेपर मिटले, डुलक्या मोडल्या, पिशव्या उचलल्या गेल्या. लोक गाडीकडे धावले, तिची दारं ठोकली, चालकानं करकचून ब्रेक मारला. मोठे साहेबसुद्धा उभे राहिले होते, आपण का उभे आहोत हे त्यांना कळेना. आजींनी लोकर पिशवीत कोंबली, माझ्या काचेकडे सुई रोखली आणि सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मेल्या, इतका वेळ कुठे मेला होतास? मघापासून कोण बया बडबडतेय तिचं ऐकत बसलेय मी!"

मॅडमनी वही मिटली.

आठ दिवसांनी आदेश आला. मशीन हरवलेल्या सामानाच्या खोलीत ठेवण्यात यावे, उद्घोषक आहेत तेथेच राहतील. खाली एक टीप होती: "प्रवाशांच्या सोयीसाठी उद्घोषकांनी प्रत्येक उद्घोषणेपूर्वी एकदा स्पष्टपणे खाकरणे बंधनकारक राहील." मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "पथ्य मात्र सोडू नका. खाकरा खोटं खोटं."

आता गंमत बघा. पूर्वी न ठरवता जमायचं, ते आता ठरवून जमत नाही. घसा इतका बरा झालाय की खाकरायला खालून काही येतच नाही. म्हणून रोज सकाळी, उठायच्या आधी, पलंगावर पडल्या पडल्या मी सराव करतो.

"अंह्हं!"

"अहं. हे खोटं वाटतं," पलीकडच्या टोकाकडून बायको म्हणते. "कुणी नाही उठणार."

मी पुन्हा खाकरतो. चांगलं जमलं तर माझ्या उशीवरचे दोन पाय हलतात आणि ती म्हणते, "उठले हो, उठले." मी मात्र ती पाय खाली टाकायच्या आत घोट्याजवळ अंगठा दाबून बघतो. कालपासून सुजेचा खळगा पडत नाही.